अमेरिकी शेतकऱ्याचे अनुदान नेमके मोजतात कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत-अमेरिका व्यापार वाटाघाटींची बातमी आली की वाचकांच्या पत्रांत एक वाक्य ठरलेले असते: ‘अमेरिका आपल्या शेतकऱ्याला एकरी अमुक डॉलर थेट खात्यात देते, मग आपल्याला का नाही?’ आकडा दर वेळी वेगळा असतो आणि तो कशाचा, हे कुणी सांगत नाही. सोयाबीन, मका आणि कापूस ही तिन्ही पिके आपण आणि ते दोघेही घेतो, त्यामुळे तुलना होणारच. पण तिथला पैसा ज्या हिशेबाने खात्यावर पडतो, तो हिशेब न बघता केलेली मागणी आपल्याच लहान शेतकऱ्याच्या अंगाशी येऊ शकते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी जागा. तिथे हे सगळे चालते काउंटीच्या पातळीवर. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या टेक्ससमध्ये २५४, आयोवात ९९. आयोवातली सरासरी काउंटी आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी भरते. कृषी खात्याची ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’, म्हणजे एफएसए, हिची दोन हजारांहून अधिक काउंटी कार्यालये आहेत आणि शेतकऱ्याचा सरकारशी संबंध येतो तो त्या खिडकीवर. कार्यालयावर काउंटी समिती असते. तिचे ३ ते ११ सदस्य शेतकऱ्यांतूनच, शेतकऱ्यांच्याच मतांनी, तीन वर्षांसाठी निवडून येतात.

पैसा येण्याच्या वाटा तीन आहेत आणि गोंधळ होतो तो त्या एकत्र केल्यामुळे. पहिली वाट कायद्याने बांधलेली भाव व महसूल संरक्षणाची. दुसरी पीकविम्याची, तिथे सरकार हप्त्याचा मोठा भाग भरते, विमा मात्र खासगी कंपन्या विकतात. तिसरी वाट प्रसंग पाहून जाहीर होणाऱ्या मदतीची. आपल्याकडे छापून येणारे ‘एकरी डॉलर’ बहुधा या तिसऱ्या वाटेचे असतात आणि ते दरवर्षीचे नसतात.

पहिल्या वाटेचा पाया म्हणजे ‘बेस एकर’. आपल्या सातबारावरच्या पीकपेऱ्याशी याची गल्लत करू नये. बेस एकर हे जमिनीला कायमचे चिकटलेले, कागदावरचे पीकक्षेत्र आहे. कित्येक वर्षांपूर्वी त्या जमिनीवर मका, गहू, सोयाबीन किती एकर होते, त्यावरून ते ठरले. २०१४ च्या केंद्रीय शेती कायद्याने मालकांना २००९ ते २०१२ मधल्या पेरणीच्या प्रमाणात पिकांची फेरवाटणी करण्याची एकदा मुभा दिली. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने देशभरात मिळून ३ कोटी एकरांपर्यंत नवे बेस वाढवण्याची तरतूद केली. एरवी आकडा गोठलेला. ज्या शेतावर मक्याचा बेस १०० एकर आहे, तिथे यंदा शंभरच्या शंभर एकर सोयाबीन पेरले तरी हिशेब मक्याचाच होतो. काही पेरलेच नाही तरी हक्क जात नाही. अट एवढीच की जमीन शेतीखालीच राहिली पाहिजे आणि तण माजू द्यायचे नाही. उलट २००९ ते २०१७ या काळात पूर्ण गवताखाली गेलेल्या शेतांचा बेस २०१८ च्या कायद्याने कागदावर ठेवला, पण त्यावरचे पैसे थांबवले.

एक बंधन मात्र जाचक आहे. बेसवर भाजीपाला किंवा फळे लावली तर १५ टक्क्यांपर्यंत चालते, पुढे एकराला एकर कापला जातो. १०० एकर बेसवर १५ एकर कांदा लावला तर काही बिघडत नाही. २० एकर लावला तर ५ एकरांचे अनुदान गेले. पाच-सात एकरांत कापूस, मिरची आणि टोमॅटो एकत्र घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने ही अट दोनदा वाचावी.

या बेसवर शेतकऱ्याला मुख्यतः दोन योजनांतून एक निवडावी लागते. पहिली पीएलसी, म्हणजे भाव पडला तर भरपाई. कायद्यात प्रत्येक पिकाचा संदर्भ भाव असतो. २०१८ च्या कायद्यात तो मक्याला बुशेलमागे ३.७० डॉलर, सोयाबीनला ८.४० आणि गव्हाला ५.५० डॉलर होता. २०२५ च्या पिकापासून तो मक्याला ४.१०, सोयाबीनला १०.०० आणि गव्हाला ६.३५ डॉलर झाला. सरकीसह कापसाचा भाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर गेला. (सोयाबीनचा बुशेल २७.२ किलोचा, मक्याचा २५.४ किलोचा. क्विंटलमध्ये रूपांतर करताना हे विसरले की सगळी तुलना कोसळते.) मागच्या पाच वर्षांत बाजार चढा राहिला असेल तर संदर्भ भाव सूत्राने आपोआप वर सरकतो, पण मूळ आकड्याच्या ११५ टक्क्यांपलीकडे जात नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा सोयाबीनचा लागू संदर्भ भाव १० डॉलर आहे आणि विपणन वर्षाचा राष्ट्रीय सरासरी भाव ९.६० डॉलर निघाला. फरक ४० सेंट. शेताच्या नावावर नोंदलेली उत्पादकता एकरी ४५ बुशेल आणि बेस १०० एकर. पैसे १०० एकरांवर मिळत नाहीत, ८५ टक्क्यांवरच मिळतात. म्हणजे ०.४० गुणिले ४५ गुणिले ८५, झाले १,५३० डॉलर. यातून केंद्रीय खर्चकपातीचे ५.७ टक्के वजा होतात आणि हातात पडतात सुमारे १,४४३ डॉलर. शंभर बेस एकरांमागे हे. एकरी साडेचौदा डॉलरसुद्धा नाहीत. भाव ८ डॉलरवर आला असता तर हीच रक्कम पाचपट झाली असती, आणि १० च्या वर राहिला असता तर शून्य.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या शेतकऱ्याने स्वतः कोणत्या भावाने माल विकला, याला काही महत्त्व नाही. यंदा किती पिकले यालाही नाही. ती ४५ बुशेलची उत्पादकताही नोंदीतली आहे. ती सुधारण्याची शेवटची संधी २०१८ च्या कायद्याने २०१३ ते २०१७ मधल्या उत्पादनाच्या आधारे दिली होती. तेव्हा ज्यांनी कागद नेले नाहीत, ते आजही जुन्या, कमी आकड्यावर अडकलेले आहेत. गारपिटीत सगळे गेले पण देशात भाव चढा राहिला, तर पीएलसीतून एक डॉलरही येत नाही.

दुसरी योजना एआरसी-सीओ, म्हणजे काउंटीचा महसूल घटला तर भरपाई. इथे काउंटीची सरासरी येते आणि खरी गंमत इथेच आहे. मागच्या पाच वर्षांतले काउंटीचे एकरी उत्पादन घ्यायचे, त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वर्ष वगळायचे, उरलेल्या तिघांची सरासरी काढायची. राष्ट्रीय भावाचेही तसेच. दोन्हींचा गुणाकार हा पायाभूत महसूल. त्याचा ९० टक्के भाग ही हमी. २०२५ पूर्वी ती ८६ टक्के होती. यंदाच्या काउंटीच्या उत्पादनाला यंदाच्या राष्ट्रीय भावाने गुणले आणि ते हमीपेक्षा कमी भरले, तर फरक मिळतो. मात्र पायाभूत महसुलाच्या १२ टक्क्यांपर्यंतच.

समजा काउंटीची सरासरी ५० बुशेल आणि भाव ११ डॉलर. पायाभूत महसूल एकरी ५५० डॉलर, हमी ४९५, कमाल भरपाई ६६. यंदा काउंटीत ४८ बुशेल पिकले आणि भाव ९.८० निघाला: ४७०.४० डॉलर. तूट २४.६०. शंभर बेस एकरांवर, म्हणजे ८५ एकरांसाठी, २,०९१ डॉलर. कपात वजा जाता सुमारे १,९७२.

हिशेब स्वच्छ दिसतो, पण त्यात शेतकरी कुठेच नाही, काउंटी आहे. काउंटीच्या एका कोपऱ्यात ढगफुटी होऊन वीस-पंचवीस शेते वाहून गेली आणि बाकी काउंटी तरारून आली, तर त्या वीस-पंचवीस जणांना काही नाही. उलट काउंटीचे उत्पादन घसरले, पण ज्याच्या शेतावर विक्रमी पीक आले, त्यालाही शेजाऱ्याइतकेच पैसे. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी लावल्यावर गावोगावी जी ओरड होते, तीच ही. फक्त मंडळाच्या जागी काउंटी आणि कापणी प्रयोगाच्या जागी विमा नोंदी. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन काउंट्या, माती तीच, पाऊस तोच, आणि भरपाईत जमीनअस्मानाचा फरक, ही तक्रार २०१४ नंतर अमेरिकेत इतकी वाढली की २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

ती दुरुस्ती आपल्या धोरणकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावी. २०१४ च्या व्यवस्थेत काउंटीचे उत्पादन आधी सांख्यिकी सेवेच्या सर्वेक्षणातून घेत. सर्वेक्षणाला पुरेसे प्रतिसाद आले नाहीत तर ती सेवा आकडा जाहीरच करत नसे. मग दुसरीकडचा आकडा जोडला जाई आणि शेजारशेजारच्या दोन काउंट्यांचे मोजमाप वेगवेगळ्या फूटपट्टीने होई. २०१८ नंतर पीकविम्यातील प्रत्यक्ष उत्पादन नोंदींना पहिले स्थान मिळाले. दुसरी दुरुस्ती अशी: पूर्वी शेताची फाइल ज्या काउंटीच्या कार्यालयात, त्या काउंटीचा दर लागे. दोन-तीन काउंट्यांत जमीन असलेले लोक फाइल सोयीच्या कार्यालयात ठेवत. आता जमीन जिथे प्रत्यक्ष आहे, तिथलाच दर. तिसरी: १,४०० चौरस मैलांहून मोठ्या आणि १ लाख ९० हजारांहून अधिक बेस एकर असलेल्या काउंट्यांचे दोन भाग पाडण्याची मुभा, तीही देशभरात जास्तीत जास्त २५ काउंट्यांना. म्हणजे एकक मोठे असले की न्याय बिघडतो, हे त्यांनी मान्य केले, पण हात आखडता ठेवून.

स्वतःच्या शेताचा हिशेब हवा असेल त्याच्यासाठी एआरसी-आयसी ही तिसरी निवड आहे. तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. कारण तिथे पैसे बेसच्या ६५ टक्क्यांवरच मिळतात, आणि शेतावरची सगळी पिके, शिवाय त्याच राज्यात या योजनेत घातलेली त्या माणसाची सगळी शेते एकत्र धरली जातात. मका बुडाला आणि सोयाबीन तरले, तर दोन्ही मिळून काही नाही.

आता खिडकीवरचे काम. नाव-पत्त्याची नोंद झाली की एडी-१०२६ हा अर्ज. यात शेतकरी लिहून देतो की धूप होणाऱ्या जमिनीवर संधारणाचे नियम पाळीन आणि पाणथळ जागा बुजवून पीक घेणार नाही. ही अट १९८५ च्या कायद्यापासून आहे. मोडली तर त्या एका शेताचे नव्हे, सगळेच लाभ धोक्यात येतात. मग सीसीसी-९०२, शेती कोण, कशी आणि कोणाच्या भांडवलावर करतो त्याचा आराखडा. सीसीसी-९४१ हा उत्पन्नाचा दाखला: तीन वर्षांची सरासरी ९ लाख डॉलरपेक्षा जास्त असेल तर अनुदान नाही, आणि हा आकडा कर खात्याकडून पडताळून घ्यायला शेतकरी याच कागदावर संमती देतो. त्यानंतर योजनेची निवड आणि त्या वर्षाची नोंदणी. शेवटी एफएसए-५७८, म्हणजे पीक पेऱ्याचा अहवाल. उन्हाळी पिकांसाठी बहुतेक ठिकाणी मुदत १५ जुलै. पेरणीच होऊ शकली नाही, तर सीसीसी-५७६ वर वेगळी सूचना द्यावी लागते. ती विसरली की ‘पेरले नाही’ आणि ‘पेरता आले नाही’ यात कागदावर फरक उरत नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त होतात निवड आणि नोंदणी या दोन शब्दांत. योजना निवडली की ती पुढच्या वर्षीही चालू राहते, पण नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. निवड झालेली आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस त्या वर्षाच्या पैशाला मुकतो. निवडीवर शेतातल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. एक भाऊ परगावी असला, त्याची सही राहिली, की अख्ख्या शेताचे अडते. हे आपल्या सामाईक खात्याच्या संमतीपत्रासारखेच. जमीन विकली किंवा वाटणी झाली तर एफएसए-१५५ वर शेताची पुनर्रचना मागावी लागते आणि बेसही वाटला जातो. खरेदीखतात बेसचा उल्लेख नसल्याने घेणाऱ्याला पुढे कळते की आपल्या वाट्याला गव्हाचा बेस आला आणि मक्याचा विकणाऱ्याकडे राहिला. यावर उपाय साधा आहे: व्यवहारापूर्वी काउंटी कार्यालयातून एफएसए-१५६ईझेड हा उतारा काढायचा. त्यात पिकानुसार बेस आणि नोंदलेली उत्पादकता असते. आपण सातबारा आणि आठ-अ बघतो तसाच तो तिथे बघायचा.

पैसा कोणाच्या खात्यावर जातो, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. रोख खंडाने जमीन दिली असेल तर मालकाला काही मिळत नाही; कसणाऱ्याला मिळते. बटाईने दिली असेल तर पिकाच्या वाटणीच्या प्रमाणात दोघांना. ऐकायला हे आपल्यापेक्षा किती तरी न्याय्य वाटते, कारण आपल्याकडे नाव मालकाचे आणि घाम दुसऱ्याचा असला तर मदत नावाच्या मागे जाते. पण तिथेही पळवाट आहे आणि ती कायद्यात नसून बाजारात आहे. अनुदान बेसला चिकटलेले असल्याने बेस असलेल्या जमिनीचा खंड पुढच्या कराराला वाढतो. कसणाऱ्याच्या खात्यावर पडलेला डॉलर काही अंशी मालकाकडे जातो. शेती अर्थशास्त्रज्ञांमध्ये वाद आहे तो किती जातो यावर. जातो की नाही यावर नाही.

कमाल मर्यादा व्यक्तीमागे आहे. ती १ लाख २५ हजार डॉलर होती, २०२५ च्या पिकापासून १ लाख ५५ हजार झाली आणि पुढे महागाईप्रमाणे वाढत जाईल. भुईमुगाची मर्यादा वेगळी मोजतात. ‘व्यक्ती’ म्हणजे कोण, यात सगळी कारागिरी आहे. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा स्वतंत्र असते. नव्या कायद्याने काही प्रकारच्या कंपन्यांनाही भागीदारीसारखेच धरले. २०१८ मध्ये ‘कुटुंब’ या व्याख्येत चुलत-मावस भावंडे, भाचे-पुतणे आले. शेतीत ‘सक्रिय सहभाग’ लागतो, पण तो श्रमाचाच असे नाही; व्यवस्थापनाचाही चालतो. त्यामुळे मोठ्या शेताच्या आराखड्यात माणसे वाढतात आणि माणसांबरोबर मर्यादाही.

आणि आता ती ओळ, जी ‘अमेरिकेसारखे द्या’ म्हणणाऱ्या एकाही पत्रात सापडत नाही. ज्या शेतकऱ्याचे सगळ्या शेतांवरचे बेस मिळून १० एकर किंवा त्याहून कमी आहेत, त्याला या योजनांतून काहीही मिळत नाही. अपवाद नवशिक्या, माजी सैनिक, अल्प साधनांच्या आणि सामाजिकदृष्ट्या वंचित शेतकऱ्यांचा. अमेरिकेत २०२२ च्या कृषिगणनेनुसार सरासरी शेत ४६३ एकरांचे आहे; तिथे दहा एकरांची अट फार जणांना बोचत नाही. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या गणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेतीन एकरांच्या आत. तीच अट इथे लावली तर गावेच्या गावे यादीबाहेर पडतील. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार रुपये फार थोडे आहेत हे खरे. पण ते अर्ध्या एकराच्या मालकालाही तेवढेच मिळतात. अमेरिकी रचनेत रक्कम एकरांबरोबर वाढते, माणसाच्या गरजेबरोबर नाही.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटले तेव्हा सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला १ सेंट अशी मदत जाहीर झाली. मका उत्पादकांत नाराजी झाली, ती साहजिक होती. २०१९ मध्ये पद्धत बदलली: पिकानुसार दर न लावता प्रत्येक काउंटीला एकच एकरी दर, १५ ते १५० डॉलरच्या दरम्यान, त्या काउंटीत कोणती पिके किती होतात त्यावरून. शेतकऱ्याने दरासाठी पीक बदलू नये हा हेतू. परिणाम असा की एकाच पिकाला सीमारेषेच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा. २०२४ च्या पिकासाठीच्या आपत्कालीन मदतीत पुन्हा पिकानुसार दर आले: मक्याला एकरी ४२.९१ डॉलर, सोयाबीनला २९.७६, गव्हाला ३०.६९, कापसाला ८४.७४. ही मदत बेसवर नव्हे, प्रत्यक्ष पेरलेल्या एकरांवर होती आणि पेरता न आलेल्या क्षेत्राचा निम्मा भाग त्यात धरला होता. पीक पेऱ्याचा अहवाल आधीच कार्यालयात असल्याने अर्ज भरूनच शेतकऱ्याकडे पाठवले गेले. त्याने तपासून सही करायची. हे एक काम मात्र अनुकरणीय. ई-पीक पाहणीची नोंद सरकारकडे असताना आपल्याकडे तीच माहिती शेतकऱ्याकडून पुन्हा का मागितली जाते, याचे उत्तर कुणी द्यावे.

वेळेविषयी गैरसमज आहे तोही दूर व्हावा. पहिल्या वाटेचे पैसे तत्काळ येत नाहीत. मका-सोयाबीनचे विपणन वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. ते संपल्याशिवाय राष्ट्रीय सरासरी भाव ठरत नाही आणि रक्कम १ ऑक्टोबरनंतरच निघते. २०२५ च्या वसंतात पेरलेल्या मक्याचे पैसे ऑक्टोबर २०२६ नंतर. बियाणे, खत, डिझेल यांची उधारी तोवर बँकेच्या कर्जावर चालते, म्हणूनच सीसीसी-३६ हा अर्ज आहे: शेतकरी स्वतः लिहून अनुदान बँकेच्या नावे वळवतो. बँकेने परस्पर खात्याला होल्ड लावणे आणि शेतकऱ्याच्या सहीने रक्कम वळणे यात फरक आहे. सरकारचे देणे थकले असेल तर ते मात्र कापून घेतले जाते. शिवाय ही रक्कम करपात्र उत्पन्न आहे. वर्षअखेरीस १०९९-जी हा कागद घरी येतो.

मग घ्यायचे काय? बेस एकर नकोच. जुन्या पेरणीवर हक्क गोठवला की नवा कसणारा, पीक बदलणारा आणि भाजीपाल्याकडे वळणारा असे तिघेही मागे पडतात. काउंटी सरासरीही आपल्याला नवी नाही; तिचे चटके मंडळाच्या रूपाने बसतच आहेत. घेण्याजोग्या गोष्टी रकमेत नाहीत, कार्यपद्धतीत आहेत. दर कसा काढला, त्यातले प्रत्येक उत्पादन आणि प्रत्येक भाव काउंटीनुसार जाहीर असतो; शेतकरी कागद-पेन्सिल घेऊन आपली रक्कम आधी काढू शकतो. नकार आला तर तो लेखी येतो, कारणासह, आणि त्याच पत्रात दाद कुठे मागायची ते छापलेले असते: ३० दिवसांत काउंटी समिती, राज्य समिती किंवा एफएसएपासून स्वतंत्र असलेला राष्ट्रीय अपील विभाग. ‘तुमचे प्रकरण प्रलंबित आहे’ या पाटीसमोर कोणी वर्षभर उभा राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कोणाला किती मिळाले याची यादी. माहितीच्या कायद्यान्वये ती मिळते आणि एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था १९९५ पासूनचे आकडे काउंटीवार प्रसिद्ध करते. मोठ्या शेतांकडे किती पैसा जातो यावर तिथे वाद होऊ शकतो, तो या यादीमुळेच. अर्थात पीकविम्याच्या हप्त्यावरचे अनुदान व्यक्तीनुसार जाहीर होत नाही; तेवढा पडदा त्यांनीही ठेवला आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अमेरिकी अनुदानाचा कोणताही आकडा छापताना त्यासोबत चार गोष्टी द्याव्यात: योजना कोणती, पीक कोणत्या वर्षाचे, रक्कम बेस एकरावर की पेरलेल्या एकरावर, आणि कपातीआधीची की नंतरची. त्या नसतील तर आकडा रोखून ठेवावा आणि बातमी देणाऱ्याकडे मागाव्यात.

आपला,
कृषी धोरणाचा एक अभ्यासक